यातला एक राहील

घरात रिकामे डबे साठतात ना, तसे आमच्याकडे किस्से साठतात. कोणी मुद्दाम आणलेले नसतात. एक दिवस कपाट उघडावं तर अंगावर कोसळतात, आणि टाकायला काढले की प्रत्येक डबा हातात घेऊन वाटतं, अरे, हा तर कामाचा आहे! परवा माझ्या माहेरच्या, सराफा मोहल्ल्यातल्या मैत्रिणी जमल्या होत्या. त्यांना चार किस्से सांगितले तर म्हणाल्या, लिहून काढ. मी म्हटलं, लिहिते, पण हसायला बसलात तर शेवटपर्यंत हसा. मधेच डोळे पुसायचे नाहीत.

आधी थोडं सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला काही कळायचं नाही. आमचे हे जबलपुरात एका पॉलिटेक्निकच्या वर्कशॉपमध्ये शिकवायचे. रिटायर झाल्यावर इतर लोक मॉर्निंग वॉकला जातात. यांनी सिहोऱ्याच्या पुढे, वडिलांच्या जमिनीवर एक प्रोग्रॅम काढला. बारावी झालेली मुलंमुली कॉलेजला जायच्या आधी एक वर्ष इथं येऊन राहणार. मातीच्या भिंती लिंपणार, शेळ्यांची धार काढणार, बांबूच्या टोपल्या विणणार, साबण करणार, जंगलात काडेपेटीशिवाय आग पेटवणार. वर्ष संपलं की आपापल्या कॉलेजात जाणार. याला म्हणे गॅप इयर म्हणतात. माझ्या जाऊबाईंनी विचारलं, "म्हणजे नापास झालेल्यांसाठी आहे का ग?"

मी बँकेत होते. विजय नगरात आमचा फ्लॅट आहे. चौथा मजला, लिफ्ट, गॅस, नळाला गरम पाणी. माझा सगळा जीव त्या फ्लॅटमध्ये. आणि यांचा सगळा जीव एका वाक्यात. नवी बॅच आली, मुलं बॅगा उतरवायला लागली, की हे माझ्या कानाशी येऊन म्हणणार, "बघ, यातला एक राहील!"

आम्हाला मूलबाळ नाही. हे आताच सांगून टाकते, म्हणजे नंतर कोणी हळूच विचारायला नको. यांचे गुडघे आता कुरकुरतात, आणि शेत पुढं चालवायला कोणीतरी हवं. दर वर्षी हे एकाला मनात धरतात, आणि दर वर्षी तो एक बॅग भरून निघून जातो. शेवटी मी ठणकावून सांगितलं, आता ही एकच बॅच. यातलं कोणी राहिलं तर ठीक. नाहीतर जबलपूरचे गुप्ताजी केव्हाची जमीन मागताहेत, त्यांना देऊन टाकायची. त्यांना तिथं लग्नसमारंभांना भाड्यानं द्यायचं मॅरेज गार्डन काढायचंय. हे म्हणाले, "बरं." यांच्या 'बरं'चा तसा काही भरवसा नसतो, पण म्हणाले तरी.

* * *

पहिल्या बॅचचा पहिला दिवस. प्रतीक नावाचा मुलगा आईबरोबर आला. बरोबर इलेक्ट्रिक किटली, मच्छर मारायची रॅकेट, आणि लोणच्याच्या बरण्या इतक्या की मला वाटलं दुकान काढताहेत. आईनं सगळीकडे फिरून पाहिलं, शेळ्यांना पाहून नाकाला पदर लावला, आणि यांना विचारलं, "भाईसाहब, बाथरूम अटॅच है ना?"

हे म्हणाले, "जी, जंगल से अटॅच है."

मला वाटलं, संपलं! आता ही मुलाला घेऊन उलट्या पावली जाणार. पण बाई म्हणाल्या, आज इथंच थांबते, मुलाला जरा सेटल करून देते. दुसऱ्या दिवशी भिंत लिंपायला बसल्या. तिसऱ्या दिवशी शेळीची धार काढली. माझ्याशी गप्पा मारताना म्हणाल्या, दीदी, कितने साल बाद किसी ने मेरे हाथ में थाली परोस के दी है. मग त्यांचा पाय काही निघेना.

एका सकाळी प्रतीक त्यांच्यासमोर हात जोडून उभा. "मम्मी, अब तुम जाओ ना! मेरे को होमसिक होना है!"

बाई गेल्या. गेटपाशी मागं वळून वळून पाहत गेल्या. इतक्या वर्षांत हौसेनं राहायला तयार झालेली पहिली व्यक्ती ही, आणि तिच्या घरी चार माणसं जेवायची खोळंबलेली. प्रतीक मात्र वर्षभर मजेत राहिला आणि मग इंजिनिअरिंगला गेला.

* * *

मग अनिकेत. वडील बँकेत, बदली होऊन नुकतेच नागपूरहून जबलपूरला आलेले. हा मुलगा मांसमच्छी सगळं खाणारा. इथं आल्यावर त्याच्यासमोर एक शेळी व्याली. करडू त्याच्याच मांडीवर पडलं म्हणा ना. त्या दिवसापासून पठ्ठ्यानं मटण सोडलं. करडाला बाटलीनं दूध पाज, त्याच्यासाठी कोवळा पाला आण, त्याच्याशी बोल. आईचा फोन आला तर म्हणायचा, "नंतर कर, मी त्याला झोपवून राहिलो."

एकदा जेवताना म्हणाला, "सर, मी आता कुठंच जात नाही. माझं सगळं इथंच आहे."

झालं! यांना आभाळ ठेंगणं. मला म्हणाले, आज काहीतरी गोड कर. मी म्हटलं, अहो, वर्ष तर संपू द्या. तर म्हणाले, तुला माणसांची पारखच नाही. केला मी शिरा. यांनी दोनदा घेतला.

अनिकेत पुढं हॉटेल मॅनेजमेंटला भोपाळला गेला. जाताना करडाला मिठी मारून असा रडला की करडूसुद्धा घाबरलं. काही महिन्यांनी त्याचा पहिला फोटो आला. पांढरी उंच टोपी, हातात मोठा वाडगा, खाली लिहिलेलं, "सर, आज रोगन जोश! फर्स्ट इन क्लास!"

यांनी तो फोटो शेळ्यांकडे पाठ करून पाहिला.

पण त्या करडाला अजूनही हे 'अनिकेतचा' असंच म्हणतात. आता तो चांगला दाढीवाला बोकड झालाय.

* * *

सार्थकचा किस्सा मी कितीही वेळा सांगितला तरी मलाच हसू येतं. सार्थक सिहोऱ्याचा. वडिलांचा गल्ल्याचा, म्हणजे धान्याचा व्यापार. त्यांची इच्छा मुलानं कोचिंग लावावं, याची इच्छा बांबू विणावा. हात मात्र सोन्याचे! इतरांच्या टोपल्या दुसऱ्या दिवशी फुटबॉलसारख्या दिसायच्या, याच्या सुबक.

त्यानं ठरवलं कणगी करायची. कणगी म्हणजे धान्य साठवायची बांबूची उंच टोपली, खाली रुंद, वर तोंड अरुंद. माणसाच्या उंचीची. बाहेरून फिरून फिरून विणायला कंटाळा आला म्हणून हा गृहस्थ आत बसला आणि आतून विणायला लागला. काम झपाझप व्हायला लागलं. गुणगुणत होता, आम्ही सगळे कौतुक करत होतो. कोणाच्याही डोक्यात आलं नाही! कणगीचं तोंड झालं, शेवटची कड वळली, आणि आतून आवाज आला, "सर, थोडी प्रॉब्लेम है."

डोकं बाहेर येई, खांदे काही येईनात. हे कोयता घेऊन आले तर आतून आरडाओरडा, "कापायचं नाही! माझी मेहनत आहे! मी बारीक होऊन निघतो!" दुपारचं जेवण आम्ही त्याला वरून दिलं. ताक सुतळीला तांब्या बांधून सोडलं.

आणि नेमके त्याच दिवशी त्याचे वडील आले, मुलाला कोचिंगसाठी परत न्यायला! बिचारे शांत माणूस. कणगीभोवती एक फेरी मारली, आत वाकून पाहिलं. सार्थक आतून म्हणाला, "नमस्ते पापा." ते आमच्याकडे वळून म्हणाले, "सरजी, इसको ऐसे ही पैक कर दीजिए. टेम्पो लाया हूँ."

संध्याकाळी कड सोडवून त्याला काढला. वडिलांनी कणगी नेली, मुलगा वर्ष पुरं होईपर्यंत ठेवला. यांना वाटलं, हा तर जवळचाच, सिहोऱ्याचा, हा राहील. आता तो बंगळूरला आहे. सगळ्यात जवळचा होता, तोच सगळ्यात लांब गेला. वडिलांच्या दुकानात कणगी मात्र अजून उभी आहे. आम्ही बाजारात गेलो की हे उगीचच त्या दुकानावरून वळसा घेतात.

* * *

आता माझा स्वतःचा सांगते, म्हणजे मी नुसती दुसऱ्यांनाच हसते असं नको.

एक बॅच गेली आणि आम्ही सुट्टीला विजय नगरच्या फ्लॅटवर आलो. मी लिफ्टमध्ये शिरले तेव्हा अक्षरशः देवाला हात जोडले. गॅस पेटवला, एका झटक्यात! धूर नाही, फुंकणं नाही. किती सुख! मी मनात म्हटलं, बाई ग, आता तुझे लाड कर. मुगाची खिचडी टाकली, कढी केली, पापड भाजले, आणि ताटं घ्यायला लागले. घेतच राहिले. शेवटी ओट्यावर जागा संपली तेव्हा भानावर आले. पातेल्यात बघते तर बारा-पंधरा माणसांची खिचडी! हे दारात उभे राहून नुसते बघत होते. बोलले असते तर मी भांडले असते, तेवढंच बरं वाटलं असतं.

अन्न टाकायचं कसं? मी डबे भरले आणि चारही मजल्यांवर दारोदार वाटून आले. खालच्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेली मुलगी होती. तिनं डबा घेतला, डोक्यावरून ओढणी घेतली, आणि गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "आंटी, आज किसकी बरसी है?"

मी म्हटलं, "नाही ग, जिवंत आहेत सगळे. जरा लांब गेलेत."

वर येऊन मात्र मी बाथरूमचा नळ सोडून खूप रडले. गरम पाण्याचा नळ.

* * *

जंगलात दिशा ओळखायची परीक्षा असते. फोन काढून घ्यायचे, सकाळी जंगलात नेऊन सोडायचं, आणि सूर्य, सावली, ओढ्याचा उतार बघत दुपारपर्यंत शेतावर परत यायचं. एका बॅचमध्ये अदिती नावाची मुलगी लीडर. आवाज खणखणीत, निर्णय ताबडतोब. ती म्हणाली पूर्व, तर सूर्यानंसुद्धा ऐकावं!

दुपार झाली, ऊन कललं, पत्ता नाही. माझा जीव टांगणीला. हे वरवर म्हणत होते, "येतील, शिकवलंय मी त्यांना," आणि कितव्यांदा तरी गेटपर्यंत जाऊन येत होते. ऊन उतरायला लागलं तसा ढोलाचा आवाज आला. बघते तर ट्रॅक्टर! ट्रॉलीत सगळी मुलं, कपाळाला टिळे, गळ्यात झेंडूच्या माळा, हातात लाडूंची पुडकी.

बरोब्बर उलट्या दिशेला गेली होती. तिकडं एका गावात वरात निघाली होती. मुलीकडच्यांना वाटलं ही मुलाकडची, मुलाकडच्यांना वाटलं ही मुलीकडची. पंगतीला बसवलं, नाचायला पुढं केलं. अदितीनं तर नवरीच्या मावशीला जेवणाच्या रांगा कशा लावायच्या ते सांगितलं, आणि लोकांनी तशा लावल्यासुद्धा!

यांनी रागावायचं ठरवलं होतं, पण हसू आवरेना. निकाल जाहीर केला, "दिशा ओळखणं, सगळे नापास. जंगलात उपाशी न मरणं, सगळे पास!" मला हळूच म्हणाले, "ही बघ, ही शेत चालवील." मीसुद्धा त्या वेळी मान हलवली, खोटं कशाला बोलू?

अदिती आता लग्नं, समारंभ करणाऱ्या कंपनीत आहे. यांनी जमीन विकायचा विषय जुन्या मुलांच्या ग्रुपवर टाकला, तसा तिचा लगेच फोन. हे खुशीत आले, स्पीकरवर टाकला. मनात असणार की ही म्हणेल, सर, विकू नका, मी येते.

ती म्हणाली, "सर, मॅरेज गार्डन? काय सुंदर आयडिया आहे! स्टेज शेतातल्या तळ्याकाठी घ्यायला सांगा, फोटो मस्त येतील!"

यांनी फोन ठेवला आणि त्या दिवशी जेवले नाहीत.

* * *

जुनी मुलं येतात कधीकधी भेटायला. प्रतीक आला होता, होणाऱ्या बायकोला घेऊन. तिला सगळं दाखवत होता, ही माझी भिंत, हे माझं झाड. मग ओसरीतल्या खाटेपाशी थांबला. "ही खाट मी विणली होती. बघ, अजून कशी टणक आहे!"

ती खाट त्याच्यानंतरच्या बॅचेसनी पुन्हा पुन्हा विणली होती. सुंभ तुटतं, सैल पडतं, दर वेळी नवं घालावं लागतं. त्यातला एक धागासुद्धा त्याचा नव्हता. मी तोंड उघडणार तेवढ्यात हे म्हणाले, "हो तर! तुझीच आहे. आम्ही कोणाला बसू देत नाही तिच्यावर."

ती मुलगी कौतुकानं खाटेवर बसली. प्रतीकनं वाकून तिचा फोटो काढला, मग यांना मधे बसवून तिघांचा काढायला मला सांगितला. मी काढला.

ती दोघं गेल्यावर मी विचारलं, "काहून खोटं बोलले हो?" तर म्हणाले, "त्याला परत यायला काहीतरी कारण हवं की नको?"

* * *

आता या शेवटच्या बॅचचं. हिच्यात गार्गी. घर मराठी, पण शाळा, शेजार सगळा हिंदी, त्यामुळं मराठी नीट समजायचं, बोलताना मधेच हिंदीत घसरायची. तशी बोलायचीच कमी. बारावीनंतर इंदूरला कॉलेजात गेली होती, आणि महिन्याच्या आत परत आली. हॉस्टेलच्या खोलीतून बाहेरच पडेना, जेवायलासुद्धा. शेवटी आई जाऊन घेऊन आली. आईनं आमच्याकडे सोडताना एवढंच सांगितलं, "काकू, ती खाईल एवढं बघा."

खाईल? तिसऱ्या महिन्यात ती मला आग्रह करून वाढायला लागली! आणि काम असं नीटनेटकं की बघत राहावं. पण या वेळी हे काहीच म्हणेनात. 'यातला एक राहील' हे वाक्यच नाही. मी एकदा छेडलं, तर म्हणाले, "दर वेळी बोलतो म्हणून दृष्ट लागते."

अशात गुप्ताजी जमीन बघायला आले. बरोबर टेप, बरोबर माणूस. इथं स्टेज, इथं पार्किंग, इथं जेवणाचे स्टॉल, असं म्हणत सगळीकडे बांबूच्या खुंट्या ठोकल्या, प्रत्येक खुंटीला लाल रिबीन. मुलं गप्प उभी राहून पाहत होती. गुप्ताजी माणूस वाईट नाहीत हो. जाताना सगळ्यांना खोव्याची जलेबी देऊन गेले.

पुढच्या आठवड्यात परत आले तर जमिनीत एकही खुंटी नाही! शोधतात तर सगळ्या टोमॅटोच्या वाफ्यात, प्रत्येक रोपाला एक, आणि रोपं बांधलेली त्याच लाल रिबिनीनं. आमच्याकडे शिकवणच तशी आहे, पडलेली वस्तू वाया घालवायची नाही.

"ये किसने किया?" गुप्ताजी म्हणाले.

गार्गी पुढं आली. वर्षभरात परक्या माणसासमोर पहिल्यांदाच तोंड उघडलं तिनं. "मैंने, अंकल. टमाटर हो जाएँ तो लौटा देंगे."

गुप्ताजींनी यांच्याकडे पाहिलं. हे आभाळाकडे बघत होते.

* * *

आणि हा शेवटचा दिवस.

आमच्याकडे एक रीत आहे. आल्यावर पहिल्या आठवड्यात प्रत्येकानं आपली मातीची चूल आपण घालायची, वर्षभर तिच्यावर रांधायचं, आणि जायच्या दिवशी ती आपल्याच हातानं मोडायची. दुसऱ्याच्या चुलीला कुणी कुदळ लावायची नाही. मोडलेली माती तळ्याकाठच्या ढिगात, पुढच्यांसाठी. आमची दोघांची चूलसुद्धा त्याच दिवशी मोडतो आणि महिनाभर फ्लॅटवर जातो. यंदा महिनाभर नव्हे, कायमचं जायचं होतं. दुसऱ्या दिवशी गुप्ताजी फ्लॅटवर येणार होते, सगळं पक्कं करायला.

सकाळपासून कुदळीचे आवाज येत होते. मुलं चुली मोडत होती, हसत होती, एकमेकांचे फोटो काढत होती, मधेच नाकं ओढत होती. सकाळच्या बसनं बरीचशी गेली. अंगणात एकच चूल उभी राहिली, गार्गीची. सगळ्या बॅचमध्ये तिची चूल चांगली. धूर असा व्हायचाच नाही. ती चुलीपाशी उकिडवी बसून होती.

हे जवळ गेले. "काहून ग, राहिली का तुझी?"

"सर, मी नाही मोडत," ती म्हणाली. "मी इथंच राहते. आईला विचारलं. आई म्हणते, खूश आहेस ना, तो रह ले."

मी दारात साड्या घडी करत होते. हातातली साडी हातातच राहिली. इतकी वर्षं या माणसानं ज्या वाक्याची वाट पाहिली ते वाक्य असं भरदुपारी, चुलीपाशी बसून, कोणी न विचारता! खरं सांगते, त्या क्षणी मला लिफ्ट नको होती, गॅस नको होता, काही नको होतं. मी मनातल्या मनात त्या पोरीच्या चादरीसुद्धा काढल्या होत्या.

यांनी घसा खाकरला. "पुण्याला आर्किटेक्चरला नंबर लागलाय ना तुझा?"

"हो."

"मग?"

"इथं बरं वाटतं."

आमच्याकडे दर शनिवारी दोघं-दोघं पाळीनं सिहोऱ्याच्या बाजारात साबण, टोपल्या विकायला जातात. गार्गी आपली पाळी आली की ती दुसऱ्याला द्यायची आणि बदल्यात त्याचा शेळ्यांचा गोठा झाडायची. आम्हाला सगळ्यांना माहीत होतं, कोणी बोलत नव्हतं.

"शनिवारचा बाजार केलास का ग तू कधी?" यांनी विचारलं. "एकदा तरी?"

तिनं मान खाली घातली.

यांनी माझ्याकडे पाहिलं. हे आता काय करणार ते मला कळलं, आणि मला म्हणावंसं वाटलं, नका हो, राहू द्या, आपल्यालाही हवंच आहे ना कोणी. पण तेवढ्यात यांनी भिंतीला टेकवलेली कुदळ उचलली आणि एका घावात तिची चूल मोडली.

"सर!" गार्गी ओरडली. मग रडली. मग माझ्यावर चिडली, "काकू, तुम्ही पण काही नाही बोलल्या!" यांनी तिची बॅग उचलून स्कूटरच्या पुढं ठेवली आणि म्हणाले, "चल. बस सुटेल."

हे परत आले तेव्हा मी बॅगा दारात काढून बसले होते. जबलपूरची गाडी सांगून ठेवली होती.

"बसली?" मी विचारलं.

"बसली."

"काही बोलली?"

"खिडकीची जागा मिळाली तिला."

हे ओसरीच्या पायरीवर बसले. अंगणात आता कोणीच नव्हतं. मग म्हणाले, "चहा टाक ग जरा."

मी म्हटलं, "कशावर?"

यांनी सगळ्या अंगणावरून एकदा नजर फिरवली. मग गुडघ्यांवर हात देऊन उठले, घमेलं घेतलं, तळ्याकाठच्या ढिगातली माती आणली, तिच्यावर पाणी ओतलं आणि पायजमा वर करून तुडवायला लागले.

"अहो, काय करून राहिले तुम्ही?" मी ओरडले. "गाडी येईल आता! आणि ही वाळायला आठवडा लागेल!"

"लागू दे," हे म्हणाले.